जांभूळराणीवरची नऊ डोकी

एका जंगलाला समुद्र लागून होता. हसू नका, बाळांनो. सगळ्याच जंगलांना डोंगर लागून असतो असं थोडंच आहे? या जंगलातली झाडं संपली की वाळू लागायची, वाळू संपली की पाणी, आणि पाणी काही केल्या संपायचं नाही.

त्या पाण्यावर एक गलबत चालायचं. त्याचं नाव जांभूळराणी. इकडून हिरडे न्यायचं, पलीकडच्या बेटावरून मध आणायचं. अस्वलापासून खारीपर्यंत सगळं जंगल त्या मधाची बोटं चाटायचं. तो येतो कसा, हे कुणी विचारत नसे. मध येतो. बस्स.

गलबतावर डोकी पाच.

तांडेल, म्हणजे गलबताची मुख्य, होती यसाक्का घोरपड. तिने सुकाणूला मिठी मारली की वादळ दमायचं, ती नाही. डोलकाठीवर दौलती वानर. त्याला वाचता यायचं, म्हणून तो जरा ताठ बसायचा. वल्ह्यांवर बाबू आणि बाळू, दोन सख्खी रानडुकरं. एक घोरायचा, दुसरा वल्हवायचा, मग अदलाबदल. आणि पाचवा होता आपला भागोजी खवल्या. गलबतावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी.

खवल्या तुम्ही पाहिलाय का? अंगभर खवले, आणि घाबरला की गुंडाळून चेंडू. जमिनीवर ही फार सोयीची खोड. गलबतावर नाही. लाट आली की भागोजी घाबरायचा, चेंडू व्हायचा आणि डावीकडून उजवीकडे गडगडत सुटायचा.

"आला रे भंडारी!" बाबू ओरडायचा आणि खुराने अडवायचा.

"गेला रे भंडारी!" पुढच्या लाटेला बाळू ओरडायचा.

शेवटी भाकऱ्या थापताना भागोजी स्वतःला दोरीने चुलीशेजारच्या खांबाला बांधून घ्यायचा. पण बांधून घेण्याआधी एक काम तो कधी चुकवत नसे. डोकी मोजायची. एक, दोन, तीन, चार, आणि आपलं पाचवं. पाच डोकी, दहा भाकऱ्या.

"अरे भागोजी," यसाक्का म्हणायची, "भर समुद्रात सहावं डोकं येणार कुठून? आणि पाचवं जाणार कुठे?"

"मोजलेलं बरं, यसाक्का. एखाद्याला भाकरी कमी पडली तर भंडाऱ्याने तोंड कुठे लपवायचं?"

"लपवायचं तुला सांगायला नको. चेंडू हो की झालं!"

अशी थट्टामस्करी चालायची. आत मात्र भागोजी झुरत होता. त्याचं खरं अन्न म्हणजे वारुळातल्या मुंग्या. गलबतावर वारूळ कुठलं? तो दिवसा सुकट खायचा आणि डोळा लागला की स्वप्नात मुंग्या. बायको आनशी आणि लेक शेवंती बंदरावरच्या टेकाडात, बिळात राहायच्या. सहा महिन्यांनी बदली मिळेल असं सांगून त्याला चढवलं होतं. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

बदलीचा नियम असा. गलबतावर डोकी पाचच हवीत. एक नवं डोकं चढलं की एक जुनं उतरेल. नवं चढल्याशिवाय जो उतरेल, त्याच्या घरचं बीळ बुजवण्यात येईल.

नवं डोकं कोण पाठवणार? खलाशी कल्याण मंडळ.

हे मंडळ जमिनीवर असायचं. एका मोठ्या चिंचेखाली, सावलीत, मऊ गवतावर. अध्यक्ष होते गवासाहेब. त्यांनी आयुष्यात पाणी पाहिलं होतं ते पाणवठ्यावरचं, गुडघ्याएवढं. कल्याणाचं खातं मोराकडे. आणि दोन सरडे सभासद. गवासाहेब काही बोलले की दोघं मान वरखाली करायचे. गवासाहेब गप्प असले तरी करायचे, कारण सरड्याची मान ती. चिटणीस होता तरस. त्याला हसण्याची सवय. दुःखाची बातमी असो की आनंदाची, तो आधी हसून घ्यायचा आणि मग लिहायचा.

मंडळाला खलाशांची फार कळकळ. "त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला पाहिजे!" गवासाहेब म्हणाले. सरड्यांनी माना हलवल्या. म्हणून मंडळाने एक सोय केली. एक मोठा सुंदर शंख घेतला आणि समुद्रघारीबरोबर गलबतावर धाडला. खलाशांनी आपलं जे काही असेल ते शंखात ओरडायचं. वरून बूच मारायचं. घार तो मंडळाकडे नेईल. मंडळ बूच काढेल, कानाला लावेल आणि ऐकेल.

बाळांनो, तुम्ही कधी शंख कानाला लावलाय? मग तुम्हाला कळलंच असेल. पण मंडळाला कोण सांगणार?

पहिल्या खेपेला यसाक्का ओरडली, "पिण्याच्या पाण्याला वास येतोय! पिंपं बदला!"

गवासाहेबांनी शंख कानाला लावला. आतून आलं, सूंऽऽऽ शूंऽऽऽ.

"वा!" ते म्हणाले. "किती शांत आहेत बिचारे!"

घारीबरोबर उत्तराचं पान आलं. दौलतीने ताठ बसून वाचलं. "तुमचं समुद्रगान पोचलं. आवडलं. सोबत प्रत्येकी एक मोरपीस."

दुसऱ्या खेपेला बाबू-बाळू एकदम ओरडले, "झोप मिळत नाही! आळीपाळीने घोरतो आम्ही!"

उत्तर आलं, "तुमचा आवाज ऐकता ऐकता अध्यक्षांना गाढ झोप लागली. फार वर्षांनी. मंडळ आपलं आभारी आहे. सोबत मोरपीस."

तिसऱ्या खेपेला दौलती वैतागला. त्याने शंखात तोंड घालून गवासाहेबांच्या आजोबांपासून सुरुवात केली. काय काय म्हणाला ते मी तुम्हाला सांगणार नाही. यसाक्कानेही शेपटीने कान झाकले होते. उत्तर आलं, "या खेपेचा आवाज विशेष गोड. असेच कळवत जा."

"याला काय म्हणावं?" दौलती म्हणाला.

"मोरपीस म्हणावं," यसाक्का म्हणाली. "बाजूला ठेव. चूल पेटवायला होईल."

असे दिवस चालले होते. आणि एके दिवशी घार आनशीचा निरोप घेऊन आली. शेवंतीचं लग्न ठरलं! मुलगा वारुळवाडीचा, तिथे दाराशीच सतरा वारुळं. लग्न आवळीनवमीला, उन्हं कलताना, बंदरावरच्या टेकाडावरच. आणि नेमकी त्याच दिवशी जांभूळराणी हिरडे भरायला बंदराला लागायची होती!

भागोजीला इतका आनंद झाला की समुद्र सपाट असूनही तो गडगडला. दोनदा. मग आठवलं. बंदराला लागणं वेगळं आणि उतरणं वेगळं.

त्याने शंख पुढ्यात घेतला. दोरीने स्वतःला बांधून घेतलं. पोटातून ओरडला, "गवासाहेब! माझ्या एकुलत्या लेकीचं लग्न आहे हो! आवळीनवमीला एकच डोकं पाठवा! कुणाचंही चालेल! तेवढी अक्षत टाकून येतो!" घसा बसेपर्यंत ओरडला. मग बूच मारलं.

उत्तर आलं. दौलती वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. "तुमचा आवाज ऐकून मंडळाला वाटलं, असा आराम आपल्यालाही मिळावा. तेव्हा कल्याण सप्ताहानिमित्त आवळीनवमीला मंडळ स्वतः गलबतावर येऊन तुमचं सुख पाहील. सर्वांनी आंघोळी करून रांगेत उभं राहावं."

"कशानं करायच्या? त्या वासाच्या पाण्यानं?" बाबू म्हणाला.

भागोजी चेंडू होऊन पडून राहिला. त्या दिवशी भाकऱ्या यसाक्काने सुकाणू न सोडताच थापल्या. त्या सुकाणूसारख्या कडक झाल्या होत्या, पण कुणी नावं ठेवली नाहीत.

आवळीनवमी उजाडली. जांभूळराणी धक्क्याला लागली. आणि वर टेकाडावर काय दिसावं? मांडव! आंब्याचे टहाळे, केळीचे खांब. वाऱ्याबरोबर हळदीचा वास येत होता. सुतारपक्षी ताशा बडवत होते. भागोजी गलबताच्या कडेला नाक टेकवून उभा राहिला. मध्ये फक्त एक फळी. दहा पावलांची.

धक्क्यावर आनशी आली. नऊवारी खोचलेली, कपाळाला हळद.

"अहो, काय मेलं नाक टेकवून उभे राहिलात! उतरा की! व्याही विचारतायत वधूपिता कुठाय. मी काय सांगू? समोर आहे, पण बघायचा फक्त?"

"आनशे, नियम आहे गं."

"गडगडत या! चुकून लाट आली म्हणावं!"

"बीळ बुजवतील."

आनशी म्हणाली, "तिकडं पोरगी विचारते, बाबांचा चेहरा आता कसा दिसतो. तिला म्हटलं, मंडपात बघ. आता मी परत जाऊन काय तोंड दाखवू?" तिने पदराने डोळे पुसले आणि पुसता पुसता हळद डोळ्यात गेली. मग ती आणखीच रडली.

तेवढ्यात तुतारी वाजली. मंडळ आलं!

पुढे गवासाहेब, मागे मोर, त्याच्या मागे दोन सरडे. सगळ्यांच्या बगलेत उशा. तरस चिटणीस वही घेऊन धक्क्यावरच थांबला. "वही ओली झाली तर कल्याण पुसलं जाईल," तो म्हणाला आणि हसला.

गवासाहेबांनी फळीवर पाय ठेवला. फळी करकरली. मग गलबतावर पाय ठेवला. गलबत असं कललं, असं कललं, की भागोजी कडेपासून सुटला तो गडगडत थेट गवासाहेबांच्या पायाशी!

"नमस्कार राहू दे, राहू दे," गवासाहेब म्हणाले. "केवढा हा आदर!"

सरड्यांनी माना हलवल्या.

"नाचायला जागा बरी आहे," मोर म्हणाला. "पण हा वास कसला?"

"पाण्याचा," यसाक्का म्हणाली. "शंखात कळवलं होतं."

"हो हो, ते गाणं!" गवासाहेबांनी उशी टाकली आणि अंग पसरलं. "आता जेवायला काय आहे?"

भागोजी उठला. पाहुणे जेवणार म्हणजे भाकऱ्या थापायला हव्यात. थापायच्या तर आधी मोजायला हवं. डोळ्यांत पाणी होतं, तरी सवयीने त्याचं बोट वर गेलं. एक, दोन, तीन, चार. आपलं पाचवं. सहा... सात... आठ... नऊ.

बोट तिथेच थांबलं.

त्याने पुन्हा मोजलं. उलटीकडून मोजलं. नऊच!

"यसाक्का," तो हळूच म्हणाला, "डोकी नऊ झाली गं."

"मग अठरा भाकऱ्या कर."

"अगं, नियमानं पाचच हवीत ना?"

यसाक्काने जीभ बाहेर काढली, आत घेतली. घोरपड फार खूश झाली की असं करते. मग ती सुकाणू सोडून उठली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"गवासाहेब," ती लोण्यासारखं बोलू लागली, "आम्ही अडाणी. गलबतावर डोकी किती असावीत, हे एकदा तुमच्याच तोंडून ऐकावं म्हणते."

गवासाहेब खुलले. "पाच! नियम मीच केलाय. जास्त झाली तर गलबत बुडतं."

"आणि झालीच जास्त, तर करायचं काय?"

"ताबडतोब उतरवायची! कोण आहे रे तिकडे? चिटणीस, लिहा!"

"पण उतरवायचं कुणाला, साहेब? नव्याला की जुन्याला?"

"काय पण विचारता बाई!" गवासाहेबांनी शिंगं हलवली. "नवं चढलं की जुनं उतरतं. अगदी पहिलं कलम आहे. यात नव्या डोक्याची परवानगीही लागत नाही. फार विचार करून केलंय मी ते!"

सरड्यांनी माना हलवल्या. धक्क्यावरून तरस हसला आणि लिहून मोकळा झाला.

"लिहिलं का?" यसाक्काने विचारलं.

"लिहिलं."

"मग सरका रे! नवी चार चढली, जुनी चार उतरा!"

पण जुनी होती पाच. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. सगळ्यांत जुनी यसाक्काच. खरं म्हणजे पहिला मान तिचा. सगळ्यांत नवा बाळू. तो आधीच बाबूला चिकटून हुंदके देत होता.

यसाक्काने टेकाडाकडे पाहिलं. तिचंही एक बीळ होतं तिकडे, करवंदीच्या जाळीखाली. मग तिने गवासाहेबांकडे पाहिलं. ते वल्ह्याला पाठ खाजवायची काठी समजून पाठ खाजवत होते.

"माझं डोकं राहू दे," ती म्हणाली. "या चौघांच्या हाती गलबत दिलं तर बंदराच्या तोंडाशीच बुडेल. बाळू, पळ. पण भागोजी, ऐक. लग्न लागलं, व्याही गेले, की माझ्या बदलीचं बघ हो. विसरू नको."

"विसरेन? आनशीची शपथ, यसाक्का! शेवंतीची शपथ!"

"पुरे, पुरे. उतर आता. भरती लागली."

मग काय झालं म्हणता! दौलतीने डोलकाठीवरून थेट धक्क्यावर उडी घेतली. बाबू-बाळू फळीवरून एकदम उतरायला गेले आणि अडकले, तेव्हा मागून भागोजी चेंडू होऊन आला आणि धडकेसरशी तिघंही धक्क्यावर! आनशीने त्याला पायाने अडवलं.

"आलात का एकदाचे," ती म्हणाली. आणि मग हसली की रडली, ते हळदीमुळे कळलं नाही.

जांभूळराणीने नांगर उचलला. गवासाहेब ओरडत होते, "थांबा! आम्ही पाहायला आलो होतो!"

"मग पाहा की," यसाक्काचा आवाज आला. "आधी वल्हं हातात घ्या. मोरोबा, डोलकाठीवर चढा. नाचायला वर भरपूर वारा आहे. सरडेबुवा, भाकऱ्या थापा."

सरड्यांनी माना हलवल्या.

लग्न असं लागलं, बाळांनो, की विचारू नका. तीन वर्षं समुद्रात काढलेल्या भागोजीला जमीनच हलताना दिसत होती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि हा मांडवाचा खांब धरून डावीकडे झुकला, मग उजवीकडे झुकला. त्याचं बघून व्याही झुकले. त्यांना वाटलं ही इकडची रीत. मग सगळा मांडव झुकायला लागला! बाबूने अक्षता समजून मूठभर हिरडे फेकले, ते नवऱ्यामुलाच्या नाकावर बसले. शेवंतीने बाबांचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "अगदी आहे तसाच आहे. फक्त डुलतोय." भागोजी त्या दिवशी तीन वारुळं जेवला.

दुसऱ्या दिवशी तरस दारात आला.

"मंडळाची गादी रिकामी आहे," तो हसून म्हणाला. "खलाशांच्या कल्याणाला एकदा तरी खराखुरा खलाशी हवा. तुम्ही अध्यक्ष व्हा."

"नको बाबा. मला यसाक्काच्या बदलीचं बघायचंय."

"अहो, मग अध्यक्ष होऊनच बघा ना! एका सहीचं काम."

हे भागोजीला पटलं. पटायला हरकतही नव्हती. तो चिंचेखाली गेला. गवत मऊ होतं. जमीन आता हलत नव्हती. गादीला टेकूनच एक वारूळ होतं, हात लांब केला की मुंग्या. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आधी बदली." तरस म्हणाला, "आधी सत्कार." दुसऱ्या दिवशी सत्कारात बसला. तिसऱ्या दिवशी सत्काराबद्दल आभार मानले. मग राहिलेला कल्याण सप्ताह आला. तो एक महिना चालला.

आणि एके दिवशी घार आली. चोचीत शंख. बूच इतकं घट्ट मारलेलं, की घोरपडीशिवाय कुणाला मारता येणार नाही.

भागोजीने बूच काढलं. शंख कानाला लावला.

सूंऽऽऽ शूंऽऽऽ.

त्याला सगळं आठवलं. लाटा आठवल्या. चूल आठवली. "आला रे भंडारी!" आठवलं. सुकाणूला मिठी मारून बसलेली यसाक्का आठवली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"केवढे हळवे अध्यक्ष!" तरस म्हणाला आणि लिहून घेतलं. "काय म्हणतायत?"

"मजेत आहेत," भागोजी नाक ओढत म्हणाला. "यसाक्काची बदली आत्ताच काढायला नको. तिला समुद्र मानवलाय."

डबा घेऊन आलेली आनशी हे ऐकत होती. तिने शंख घेतला, कानाला लावला आणि खाली ठेवला.

"यात कुणी बोलतच नाही," ती म्हणाली. "गलबत उद्या बंदराला लागतंय. फळीवरून दहा पावलं. जाऊन विचारा की तिला."

भागोजी दचकला. इतका, की गादीवरच चेंडू झाला. आतून आवाज आला, "गलबतावर? मी? वेडी की काय तू! तिथे डोकी मोजतात!"

दुसऱ्या दिवशी घारीबरोबर उत्तराचं पान गेलं. "तुमचा आवाज ऐकला. अध्यक्षांना अश्रू आवरले नाहीत. असेच कळवत जा. मोर गलबतावर असल्यामुळे मोरपीस नाही. सोबत एक खवला."

तात्पर्य, ज्याला लागेल त्याने घ्यावं: खलाशाचं गाऱ्हाणं नेहमी जमिनीवर बसून, मऊ गवतावर, शंख कानाला लावूनच ऐकावं. मन भरून येतं. जवळ जाऊन ऐकायला गेलं, की हातात वल्हं येतं. हे पटत नसेल त्याने यसाक्काला विचारावं. शंख तिथे गादीवरच आहे.